शेठ जावजी दादाजी

मुंबईस १८३९ साली गरीब घरी जन्मलेले जावजी बालपणीच अमेरिकन मिशनच्या छापखान्यात कामास लागले. शिक्षण बेताचेच, परंतु खिळ्यांची पारख त्यांनी हाताने कमावली. १८६४ साली त्यांनी खिळे ओतण्याचा कारखाना काढला, १८६९ साली ‘निर्णयसागर’ छापखाना स्थापिला. स्नेही राणोजी रावजी आरू यांच्या सुबक अक्षरांनी संस्कृत व मराठी ग्रंथ घरोघरी पोचले. १८९२ साली ते निवर्तले.

त्या काळी छापावयाचे तर खिळे विकत घ्यावे लागत. आज मुंबईतच घडलेली ‘मुक्ता’ ही अक्षरमाला व ‘लिब्रेऑफिस’ कोणासही विनामूल्य वापरता येतात, अभ्यासून बदलताही येतात. शहापुरात संगणकावर मराठी लिहिताना आम्हांस पैशाची अडचण उरली नाही. जावजींची चिकाटी मात्र आम्हीच कमाविली पाहिजे.