पाकिटातले बटाटे आणि डॉ. कमला सोहोनी

फ्रोझन फ्रेंच फ्राइजचे पाकीट आता मुंबईच्या मॉलपुरते राहिलेले नाही. शहापूर-मुरबाडच्या बाजारपेठेतून ते सापगावसारख्या गावातल्या घरातही पोहोचते. ज्या घरात ओव्हन किंवा एअर फ्रायर आहे, तिथे एक समजूत पक्की असते. आपण तेलात तळले नाही, म्हणजे मुलांनी जणू उकडलेला बटाटाच खाल्ला! ही समजूत तपासायची तर एक साधा प्रश्न विचारावा लागतो : प्रक्रिया झाल्यावर अन्नात काय उरते आणि काय नव्याने येते? हाच प्रश्न आयुष्यभर विचारणाऱ्या एक मराठी शास्त्रज्ञ होऊन गेल्या, डॉ. कमला सोहोनी. आणि त्यांच्या पीएच.डी.च्या कामात बटाट्याचा मोठा वाटा होता.

कमलाबाई माहेरच्या भागवत. जन्म इंदूरचा. वडील नारायणराव आणि काका माधवराव हे दोघेही रसायनशास्त्रज्ञ, बंगळूरूच्या टाटा विज्ञान संस्थेत शिकलेले. मुलीनेही तिथेच शिकावे असे घरात ठरल्यासारखेच होते. १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या बी.एस्सी. परीक्षेत पहिला क्रमांक मिळवून त्यांनी बंगळूरूला अर्ज केला. संस्थेचे संचालक होते सर सी. व्ही. रामन. त्यांनी अर्ज नाकारला. कारण गुणांचे नव्हते, अर्जदार मुलगी असल्याचे होते.

कमलाबाई मुकाट्याने परतल्या नाहीत. गांधीजींच्या सत्याग्रहाचे ते दिवस. त्या थेट रामन यांच्यासमोर उभ्या राहिल्या आणि प्रवेश मिळेपर्यंत हटल्या नाहीत. शेवटी प्रवेश मिळाला, पण अटींवर. पहिले वर्ष उमेदवारीचे, मार्गदर्शक सांगतील तेव्हा रात्री उशिरापर्यंत काम करायचे आणि प्रयोगशाळेतल्या पुरुष सहकाऱ्यांचे लक्ष विचलित होऊ द्यायचे नाही. हा अपमान त्या कधी विसरल्या नाहीत, पण काम मात्र असे केले की वर्षभरात रामन यांचे मत बदलले आणि संस्थेचे दार इतर मुलींनाही उघडले. तिथे श्रीनिवासय्या यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी दूध आणि कडधान्यांतल्या प्रथिनांचा अभ्यास केला.

पुढचा मुक्काम केंब्रिज. जीवनसत्त्वांच्या शोधासाठी नोबेल मिळवलेले सर फ्रेडरिक हॉपकिन्स तिथे होते. डॉ. रॉबिन हिल यांच्याबरोबर वनस्पतींच्या पेशींवर काम करताना कमलाबाईंनी बटाटा हाती घेतला. आपल्या पेशी अन्नातून ऊर्जा काढतात तेव्हा सायटोक्रोम-सी नावाचे एक प्रथिन त्यात महत्त्वाचे काम करते. हे प्रथिन वनस्पतींच्या पेशींतही असते, हे त्यांनी दाखवून दिले. म्हणजे बटाट्याची पेशी आणि माणसाची पेशी ऊर्जा मिळवण्याच्या बाबतीत एकमेकींच्या नात्यातल्याच. प्रबंध होता अवघ्या ४० पानांचा. १९३९ मध्ये त्यांना पीएच.डी. मिळाली. विज्ञानातली ही पदवी मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय महिलांमध्ये त्यांचे नाव घेतले जाते.

ज्या बटाट्याने त्यांना पदवी दिली, त्याला आज वजन वाढवणारा म्हणून नावे ठेवली जातात. खरे तर उकडलेल्या १०० ग्रॅम बटाट्यात साधारण ८७ कॅलरी असतात, सुमारे २० ग्रॅम पिष्टमय पदार्थ, चांगले पोटॅशियम आणि थोडे ‘क’ जीवनसत्त्व. स्निग्ध पदार्थ जवळजवळ शून्य. तेव्हा दोष बटाट्याचा नाही. त्याचे पुढे काय केले जाते, ते पाहायला हवे.

कमलाबाईंचे पुढचे सारे संशोधन याच दिशेने गेले. १९३९ मध्येच त्या भारतात परतल्या. दिल्लीच्या लेडी हार्डिंग महाविद्यालयात आणि नंतर कुन्नूरच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत त्यांनी काम केले. १९४७ मध्ये मा. वि. सोहोनी यांच्याशी विवाह झाल्यावर त्या मुंबईला आल्या आणि विज्ञान संस्थेत जीवरसायनशास्त्र शिकवू लागल्या. गरिबाच्या ताटात जे असते तेच त्यांनी विद्यार्थ्यांबरोबर तपासायला घेतले. त्यात आपल्या ठाणे जिल्ह्याच्या आवडीचा वालही होता. कच्च्या वालात प्रथिनांचे पचन रोखणारी आणि रक्तपेशींच्या गुठळ्या करणारी द्रव्ये असतात. नीट शिजवल्यावर ती निष्प्रभ होतात. वालाचे बिरडे भरपूर शिजवण्याच्या आपल्या रीतीमागे असे शास्त्र आहे. इथे आच उपकारक ठरते.

दुसरे काम नीरेवरचे. राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या सूचनेवरून त्यांनी नीरा, ताडगूळ अशा पदार्थांचा अभ्यास केला. नीरेत ‘अ’ आणि ‘क’ जीवनसत्त्वे व लोह असल्याचे, तसेच नीरा आटवून केलेल्या पदार्थांतही ती टिकत असल्याचे त्यांना आढळले. आदिवासी समाजातल्या कुपोषित मुलांच्या आणि गरोदर स्त्रियांच्या आहारात नीरा दिल्यावर प्रकृतीत सुधारणा दिसली. या कामासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. प्रक्रिया केलेले ते सारे वाईट, असे त्या मानत नव्हत्या. मोजून पाहायचे आणि मग बोलायचे, ही त्यांची पद्धत.

त्याच पद्धतीने फ्राइजचे पाकीट मोजून पाहू. कारखान्यात बटाटे सोलून, कापून, गरम पाण्यातून काढतात. मग थोडा वेळ तेलात तळतात आणि त्यानंतर गोठवतात. म्हणजे पाकीट आपल्या घरी येते तेव्हा बटाटा एकदा तळून झालेला असतो. ओव्हनमध्ये आपण नवे तेल घालत नाही, इतकेच. ओव्हनमध्ये भाजलेल्या अशा १०० ग्रॅम फ्राइजमध्ये साधारण १५० ते १७५ कॅलरी, सुमारे ५ ग्रॅम स्निग्ध पदार्थ, २५ ते ३० ग्रॅम पिष्टमय पदार्थ आणि अडीच ग्रॅमच्या आसपास प्रथिने असतात. तेलात पूर्ण तळलेल्या हॉटेलातल्या फ्राइजमध्ये हाच आकडा ३०० कॅलरी आणि १५ ग्रॅम स्निग्ध पदार्थांपर्यंत जातो. तेव्हा ओव्हनचा फायदा खरा आहे. पण उकडलेल्या बटाट्याच्या तुलनेत कॅलरी जवळजवळ दुपटीच्या घरात जातात, हेही तितकेच खरे. पोटॅशियम बऱ्यापैकी टिकते, ‘क’ जीवनसत्त्व घटते. मीठ आधीच लावलेले असेल तर १०० ग्रॅममागे ३०० ते ४०० मिलिग्रॅम सोडियम सहज येते. वरून चाट मसाला आणि सॉस पडला की त्यात आणखी भर.

आचेची दुसरी बाजू कमलाबाईंच्या हयातीनंतर पुढे आली. २००२ मध्ये स्वीडनच्या शास्त्रज्ञांनी दाखवले की बटाट्यासारखे पिष्टमय पदार्थ १२० अंश सेल्सिअसच्या वर तळले किंवा भाजले की त्यात ॲक्रिलामाइड तयार होते. प्राण्यांमध्ये ते कर्करोगकारक ठरले आहे. ओव्हनमध्येही ते तयार होतेच. रंग जितका काळपट, तितके प्रमाण अधिक. म्हणून फ्राइज फिकट सोनेरी झाले की काढावेत. उकडलेल्या बटाट्यात ही अडचण येत नाही.

पाकिटावरचा मजकूर वाचण्याची सवय लावणे हेही कमलाबाईंच्या कामाशी जुळणारे आहे. त्या कन्झ्युमर गायडन्स सोसायटी ऑफ इंडिया या ग्राहक संस्थेत सक्रिय होत्या. पुढे तिच्या अध्यक्षही झाल्या. संस्थेच्या ‘कीमत’ या नियतकालिकात त्यांनी ग्राहकांच्या सुरक्षिततेबद्दल लेख लिहिले. आरे दुग्ध प्रकल्पालाही त्यांनी सल्ला दिला. १९९८ मध्ये दिल्लीत त्यांचा सत्कार योजला होता. त्या समारंभातच त्या कोसळल्या आणि काही दिवसांत त्यांचे निधन झाले.

तेव्हा पाकीट घेताना घटकांच्या यादीत कोणते तेल आहे ते पाहावे. १०० ग्रॅममागे किती स्निग्ध पदार्थ आणि किती सोडियम आहे तेही पाहावे. दोन कंपन्यांच्या पाकिटांत फरक असतो. फ्राइज हा जेवणाचा पर्याय नव्हे, त्यात प्रथिने फारच थोडी. एखाद्या रविवारी मूठभर फ्राइज दिले तर बरोबर अंडे, उसळ किंवा दही असावे. रोजच्यासाठी मात्र सालीसकट उकडलेला बटाटा आणि नीट शिजवलेले वालाचे बिरडे मुलांना अधिक देते आणि पडते स्वस्तात.