उशिरा पोचलेला चषक

शर्यत म्हटली की आम्हा इस्लापूरच्या मुलांना शंकरपट आठवतो. अमेरिकेत तेच वेड ‘स्टॉक कार’ मोटारींचे. वेंडेल स्कॉट यांचा जन्म १९२१ साली व्हर्जिनियात, एका कृष्णवर्णीय कुटुंबात झाला. त्यांनी टॅक्सी चालविली. शर्यतीची गाडी ते स्वतःच दुरुस्त करीत. १ डिसेंबर १९६३ रोजी जॅक्सनव्हिल येथे ते जिंकले. पण विजेता म्हणून एका गोऱ्या चालकाचे नाव पुकारले गेले. प्रेक्षक पांगल्यावर चूक मान्य झाली. तरीही ते १९७३ पर्यंत धावत राहिले. १९९० साली ते वारले. शर्यती भरविणाऱ्या नॅस्कार संस्थेचा चषक कुटुंबाला मिळाला २०२१ साली!

आमच्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच. चषकाविना धावलेली ती दहा वर्षे मला विजयाहून मोठी वाटतात.