योहान सेबास्तियन बाख : शिकण्याची लाज न धरणारा संगीतज्ञ

नगर जिल्ह्यातील आपल्या मंडळ्यांत रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे अभंग टाळमृदंगावर गाइले जातात. सेमिनरीत आम्ही विलायती चाली शिकलो. परंतु खेड्यात आल्यावर निरक्षर टाळकऱ्याजवळ बसून भजनाचा ठेका शिकण्याची आम्हांस लाज वाटली. ती लाज बाखच्या चरित्राने घालविली.

बाखचा जन्म जर्मनीतील आयझेनाख येथे १६८५ साली झाला. दहा वर्षे पुरी होण्यापूर्वीच त्याचे मातापिता निवर्तले. वडील बंधूने त्यास सांभाळून वादन शिकविले. १७०५ साली बुक्स्टेहूड नामक वृद्ध गुरूचे ऑर्गनवादन ऐकण्यास तो आर्नश्टाटहून ल्यूबेकपर्यंत सुमारे ४०० किलोमीटर पायी गेला. रजा चार आठवड्यांची होती. तो परतला सुमारे चार महिन्यांनी, व मंडळीच्या वडिलांचा ठपका त्यास सोसावा लागला.

पुढे १७०८ साली तो वायमारच्या दरबारी ऑर्गनवादक झाला. तेथे १७१३ च्या सुमारास इटलीतील नवे संगीत त्याच्या हाती आले. त्यात विवाल्दीचे कॉन्चेर्तो होते. हा विवाल्दी व्हेनिसचा पाळक असून तेथील अनाथ मुलींस व्हायोलिन शिकवीत असे. कॉन्चेर्तोची रचना आपल्या कीर्तनासारखीच समजावी. कीर्तनकार एकटा आळवणी करतो व मागील मंडळी ध्रुपद उचलते. तसेच येथे एक व्हायोलिन अवघड ताना घेते आणि सारा वाद्यवृंद ध्रुपद फिरून फिरून वाजवितो.

बाख तेव्हा स्वतः नावाजलेला वादक होता. तरी त्याने परक्याच्या नऊ रचना शिष्यभावाने उतरून घेतल्या. तीन ऑर्गनवर, सहा हार्प्सिकॉर्डवर बसविल्या. हे काम नुसत्या नकलेचे नव्हते. ऑर्गनच्या एका स्वरपट्टीवर त्याने एकटे व्हायोलिन, दुसरीवर सारा वृंद, आणि पायांखालच्या पट्ट्यांवर खर्जाचे स्वर बसविले. व्हायोलिनचा स्वर लांबविता येतो, परंतु हार्प्सिकॉर्डचा स्वर तत्काळ विरतो. म्हणून तेथे त्याने लहान लहान स्वरांची वेल गुंफली. मूळ चाल तीच राहिली, आणि नव्या वाद्यासही तिने शोभा आणिली.

विवाल्दी १७४१ साली व्हिएन्ना येथे दारिद्र्यात मरण पावला व विस्मृतीत गेला. पुढील शतकात विद्वान बाखच्या या रचनांचे मूळ शोधू लागले, तेव्हा विवाल्दीचे नाव पुन्हा उजेडात आले. शिष्याने आदराने घेतलेले असे गुरूच्या उपयोगी पडले.

बाख १७५० साली लाइप्त्सिग येथे प्रभूठायी निजला. आपल्या पुष्कळ हस्तलिखितांच्या शेवटी तो गौरव केवळ देवाचाच, या अर्थाची अक्षरे लिहीत असे. ज्याने गौरव देवास दिला, त्यास दुसऱ्यापासून शिकण्यात कमीपणा का वाटावा? उपदेशक बंधूंनो, आपल्या गावातील टाळकऱ्याजवळ जाऊन बसा. आम्हीही आता बसतो.