मुक्या जनावरांचे जमशेटजी

आपल्या मच्छीमार नगरात मासळी आली की माणसांआधी मांजरे आणि कुत्री हजर होतात. कोणी त्यांना माशाची डोकी टाकते, कोणी झाडू उगारते. यावरून आपल्यात किती भांडणे होतात ते सर्व भगिनींना ठाऊक आहे. हाच तंटा मुंबईत १८३२ साली फार मोठा पेटला होता. त्यानंतर ज्यांनी मुक्या जनावरांसाठी काही उभे केले, त्या सर जमशेटजी जीजीभाईंची ही हकीकत.

जमशेटजींचा जन्म १७८३ चा. आईबाप लवकर गेले. सोळाव्या वर्षी ते मुंबईत मामांकडे जुन्या बाटल्यांच्या धंद्यात लागले. मामांची मुलगी अवाबाई हिच्याशीच पुढे त्यांचे लग्न झाले. मग त्यांनी चीनच्या सफरी केल्या. एका सफरीत फ्रेंचांनी जहाज पकडले आणि त्यांना आफ्रिकेच्या टोकाला जावे लागले. तेव्हा घरी अवाबाईंचे काय झाले असेल, हे दर्यावर माणूस गेलेल्या घरांना सांगायला नको. कापसाबरोबर अफूच्या व्यापारातही त्यांनी पैसा केला. हे लिहिताना हात अडखळतो, पण खरे ते लिहावे.

त्या काळी सरकार उन्हाळ्यात मोकाट कुत्री मारवीत असे व दर कुत्र्यामागे बक्षीस देई. सरकारची भीती खोटी नव्हती. पिसाळलेल्या कुत्र्याच्या चाव्यावर लस निघाली ती १८८५ साली, तोवर असा चावा म्हणजे मरणच. पण बक्षिसाच्या लोभाने पाळलेली कुत्रीही मारली जाऊ लागली. पारशी लोकांत कुत्रा पवित्र. मयताला शेवटचे दर्शनही कुत्र्याचे. जून महिन्यात त्यांच्या सणाच्या दिवशीच कुत्री मारणारे फिरताना दिसले आणि लोक त्यांच्यावर तुटून पडले. दुसऱ्या दिवशी दुकाने बंद. हिंदू, जैन, मुसलमानही त्यात सामील झाले. शेवटी लष्कर आले, धरपकड झाली.

दंगा शमला, पण कुत्र्यांचे करायचे काय, हा प्रश्न तसाच राहिला. जमशेटजींनी मोतीशा शेठ म्हणजे मोतीचंद अमीचंद यांच्याबरोबर १८३४ साली पांजरपोळ काढला. एक पारशी, एक जैन. मोकाट कुत्री तिथे ठेवायची, मारायची नाहीत, अशी सोय झाली. पुढे म्हाताऱ्या, लंगड्या गाईगुरांनाही तिथे आसरा मिळाला.

त्यानंतर सरकारने मैदानात गुरे चारण्यावर पट्टी बसवली. गरिबाने ती कुठून भरावी? १८३८ साली जमशेटजींनी ठाकुरद्वाराजवळ वीस हजार रुपयांना जमीन घेतली आणि गुरांना फुकट चरायला मोकळी केली. त्या चरण्यावरूनच चर्नी रोड हे नाव पडले असे सांगतात. आपण टोपली घेऊन त्या स्टेशनावर किती वेळा उतरलो असू!

अवाबाईंचेही सांगायला हवे. माहीमच्या खाडीत होड्या उलटून माणसे बुडत. सरकार खर्च करीना, तेव्हा अवाबाईंनी दीड लाखांहून जास्त रुपये दिले आणि १८४५ साली माहीमचा रस्ता झाला. त्यावर टोल घेऊ नये, ही त्यांची अट होती. जे.जे. हॉस्पिटलही त्याच सालचे.

१४ एप्रिल १८५९ ला जमशेटजी वारले. मुलीच्या लग्नाच्या बांगड्या घ्यायला मी भुलेश्वरला गेले होते. बाजाराच्या त्या रेटारेटीत अचानक हंबरणे कानी आले. आत गेले तर पांजरपोळातल्या गाई. दोन पेंढ्या चारा घातला, आणि मग बांगड्यांच्या दुकानाकडे वळले.