डॉ. पां. वा. सुखात्मे : भुकेचे गणित

प्रसामान्य वितरणाचा घंटाकृती वक्र आपण वर्गात काढतो आणि विसरतो. त्याच वक्राने भुकेचा प्रश्न मांडणाऱ्या डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांची ओळख मला येथे करून द्यावीशी वाटते.

१९११ साली सातारा जिल्ह्यातील बुध गावी त्यांचा जन्म झाला. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातून ते लंडनला गेले व १९३६ साली डॉक्टरेट मिळवली. पुढे सुमारे दोन दशके रोम येथे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेचा संख्याशास्त्र विभाग त्यांनी सांभाळला.

उपासमारीची रेषा कोठे आखावी, हा त्यांचा ध्यास होता. १९७१ साली दांडेकर व रथ यांनी दारिद्र्यरेषेसाठी दरडोई दररोज २२५० उष्मांक धरले. सुखात्म्यांचे म्हणणे असे, की निरोगी माणसांच्या गरजाही कमीजास्त असतात. सरासरीलाच रेषा मानली तर निम्मी धडधाकट माणसे उपाशी ठरतील. समजा, सरासरी २४०० व प्रमाण विचलन ३६० आहे. मग १६८० चा झेड-गुणांक उणे २ येतो आणि त्याखाली शंभरांत जेमतेम दोन-तीन निरोगी माणसे सापडतात. रेषा तेथे असावी. याने खरी भूक झाकली जाईल, असा टीकाकारांचा आक्षेप होता. १९९७ साली सुखात्मे निवर्तले. वाद मात्र मिटला नाही.

आमच्या अचलपुराहून मेळघाट जवळच. उंचीच्या मानाने वजनाचा झेड-गुणांक उणे ३ च्या खाली गेला, की अंगणवाडीतील बालक तीव्र कुपोषित ठरते. रेषा थोडी सरकली, तरी कुणाचे तरी मूल यादीबाहेर राहते. तक्ता वाचताना एवढे भान आपण ठेवावे.