सुरुवात कुठून? कुठूनही! वेताळच्या जन्मदात्याची गोष्ट

मागच्या दिवाळीत अकोल्याला मामाकडे माळ्याची साफसफाई निघाली. जुनी भांडी, तुटका कूलर आणि त्यांच्या मागे एक पत्र्याची पेटी. पेटीत इंद्रजाल कॉमिक्स, तेही मराठीतले. कोपरे उंदरांनी कुरतडलेले, काहींची मुखपृष्ठं गायब. खाली रद्दीवाला तराजू घेऊन उभाच होता. मी आडवी पडले आणि पेटी माझ्यासोबत अमरावतीला आली.

पण खरं सांगू? महिनाभर त्यातला एकही अंक वाचला नाही. कारण पहिला अंकच नव्हता. २०७ नंतर थेट २११, मग २३०. सुरुवात माहीत नसताना मधूनच कसं घुसायचं? मार्व्हल आणि डीसीच्या नादाला लागलेल्या प्रत्येकाला हा आजार ठाऊक आहे. बॅटमॅन १९३९ पासून चालू आहे, स्पायडरमॅन १९६२ पासून. हजारो अंक, शेकडो लेखक. 'कुठून सुरू करू' या प्रश्नावरच आपली अर्धी हौस संपते.

शेवटी मामाला फोन केला. तो पोट धरून हसला. अंक क्रमांक एक त्यानेही आयुष्यात पाहिला नव्हता म्हणे. स्टेशनवरच्या स्टॉलला जो अंक लटकलेला दिसेल तो घ्यायचा, गाडी येईपर्यंत वाचायचा, दुसऱ्या दिवशी वर्गातल्या पोट्ट्यांशी बदलायचा. कुठंच अडायचं नाही.

का अडायचं नाही, हे शोधायला गेले आणि एका माणसाची गोष्ट हाती लागली. त्याचं नाव ली फॉक.

तेविसाव्या वर्षी जादूगार

ली फॉकचा जन्म २८ एप्रिल १९११ चा, अमेरिकेतल्या मिसुरी राज्यातल्या सेंट लुईस शहरातला. जन्मनाव लिऑन हॅरिसन ग्रॉस. वडील लहानपणीच गेले, आईने दुसरं लग्न केलं. इलिनॉय विद्यापीठात शिकताना या पोराच्या डोक्यात एक जादूगार शिरला. डोक्यावर उंच टोपी, खांद्यावर झूल, बारीक मिशी आणि समोरच्याला क्षणात संमोहित करणारी नजर. हाच मँड्रेक. पहिल्या काही पट्ट्या फॉकने स्वतःच काढल्या. मग सेंट लुईसचाच फिल डेव्हिस हा चित्रकार जोडीला घेतला, न्यूयॉर्क गाठलं आणि किंग फीचर्स या कंपनीला कल्पना विकली. ११ जून १९३४ ला मँड्रेक वर्तमानपत्रात झळकला. फॉक तेव्हा फक्त २३ वर्षांचा होता. म्हणजे आपण ज्या वयात इंटर्नशिपसाठी बायोडेटा पाठवत फिरतो, त्या वयात.

बायोडेटावरून एक मजा आठवली. कंपनीने त्याच्याकडे स्वतःची माहिती मागितली, तेव्हा या पठ्ठ्याने आपण जग पालथं घातलंय असं ठोकून दिलं. प्रत्यक्षात त्याने फारसं काहीच पाहिलं नव्हतं. पुढे मात्र तो खरोखर जगभर फिरला आणि थाप खरी केली!

आणि मग आला वेताळ

मँड्रेक चालला म्हणून कंपनीने आणखी एक मालिका मागितली. फॉकच्या वाचनात टारझन होता, राजा आर्थर होता आणि किपलिंगचं जंगल बुकही होतं. मोगलीचं सिवनी म्हणजे आपल्या नागपूरच्या पलीकडचंच. या सगळ्याच्या मिश्रणातून १७ फेब्रुवारी १९३६ ला 'द फँटम' सुरू झाला. चित्रकार होता रे मूर. मराठीत आल्यावर या फँटमचं नाव झालं वेताळ. आपल्याकडे वेताळ म्हटलं की विक्रमाच्या खांद्यावर बसून कोडी घालणारा आठवतो. हा वेताळ मात्र कोडी घालत नाही, ठोसा घालतो आणि गुन्हेगाराच्या जबड्यावर कवटीची खूण कायमची उठते.

सुपरमॅन यायला अजून दोन वर्षं होती. अंगाला घट्ट बसणारा पोशाख आणि बुबुळं न दिसणारा मुखवटा, ही जोडी वेताळनेच पहिल्यांदा आणली असं मानतात. बुबुळं गायब करण्याची कल्पना फॉकला जुन्या ग्रीक पुतळ्यांवरून सुचली होती. पोशाखाचा रंग त्याच्या मनात राखाडी होता. पण १९३९ मध्ये रविवारची रंगीत पट्टी सुरू झाली आणि छापताना तो जांभळा झाला. बाहेरदेशी तर आणखी गंमत. स्वीडनमध्ये वेताळ निळा, इटलीत लाल!

सुरुवातीला फॉकचाही गोंधळच होता बरं का. जिमी वेल्स नावाचा एक श्रीमंत, आळशी तरुण हाच मुखवट्यामागचा माणूस निघणार, असं त्याने ठरवलं होतं. पहिली गोष्ट चालू असतानाच त्याला त्याहून भारी कल्पना सुचली आणि जिमी वेल्स मागे पडला.

ती कल्पना अशी. १५३६ मध्ये समुद्री चाच्यांनी एका जहाजावर हल्ला केला. सगळे मेले, एक तरुण वाहत किनाऱ्याला लागला. जंगलातल्या बांदर लोकांनी त्याला जगवलं. पुढे बापाच्या मारेकऱ्याच्या कवटीवर हात ठेवून त्याने शपथ घेतली, की मी आणि माझे वंशज चाचेगिरी आणि अन्यायाविरुद्ध लढू. तेव्हापासून बापानंतर मुलगा तोच पोशाख घालतो. जगाला वाटतं एकच माणूस चारशे वर्षं जिवंत आहे. आपण वाचतो तो एकविसावा. वऱ्हाडी माणसाला हे समजावून सांगायची गरज नाही. सातबाऱ्यावरचं नाव बदलतं, वावर तेच राहतं.

एका वेळी चार गोष्टी

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. मामा मधूनच वाचू लागला तरी अडला का नाही?

फॉक पुस्तकासाठी लिहीत नव्हता, वर्तमानपत्रासाठी लिहीत होता. रोज तीन-चार चौकटी. सोमवार ते शनिवार एक गोष्ट, रविवारी रंगीत पानावर वेगळीच. मँड्रेकचंही तसंच. म्हणजे एका वेळी डोक्यात चार गोष्टी चालू. त्यात वर्तमानपत्राचा वाचक कोणत्याही दिवशी पहिल्यांदा पान उघडू शकतो. मागचे अंक त्याच्याकडे नसतात, आणि कोणी ते शोधूनही देणार नसतं. म्हणून फॉकने एक सवय लावून घेतली. गोष्टीच्या सुरुवातीला तो पुन्हा पुन्हा ते जहाज, ती कवटी, ती शपथ दोन-चार चौकटींत सांगून टाकायचा. जुन्या वाचकाला ते आरतीसारखं पाठ व्हायचं आणि नवा वाचक दोन मिनिटांत घरचा व्हायचा. गोष्ट काही आठवड्यांत किंवा महिन्यांत पूर्ण व्हायची, मग नवी सुरू. दार रोज उघडं.

याच काळात हा माणूस नाटकवेडाही होता. त्याने स्वतःची थिएटर्स चालवली, सुमारे ३०० नाटकांची निर्मिती केली, शंभरेक दिग्दर्शित केली, डझनभर लिहिली. मार्लन ब्रँडो, चार्ल्टन हेस्टन यांच्यासारखे नट त्याच्या निर्मितीत उभे राहिले. दिवसा तालीम आणि उरलेल्या वेळात वेताळ. तरी रोजची पट्टी चालू राहिली. आणि एक गोष्ट आपल्यासारख्या लिहू-काढू पाहणाऱ्यांनी लक्षात ठेवायची. वेताळ आणि मँड्रेक या दोघांची मालकी फॉककडे नव्हती, ती किंग फीचर्सकडे होती. जन्म त्याने दिला, कागदावर नाव कंपनीचं.

आपल्याकडे कसा आला?

भारतात वेताळ आधी इलस्ट्रेटेड वीकलीच्या पानांवरून इंग्रजी वाचकांना भेटला. मग मार्च १९६४ मध्ये टाइम्स ऑफ इंडियाने मुंबईहून इंद्रजाल कॉमिक्स सुरू केलं. पहिला अंक वेताळच्या कंबरपट्ट्याचा आणि पहिले ३२ अंक फक्त वेताळचेच. मराठी, हिंदी, बंगाली अशा भाषांत तो गेला. गोविंद ब्राह्मणिया यांनी रंगवलेल्या मुखपृष्ठांवर तर लोक फिदा होते. मूळ पट्ट्यांची पानांच्या हिशोबाने काटछाट व्हायची. वेताळच्या देशाचं मूळ नाव बंगालशी मिळतंजुळतं, म्हणून इथं ते डेंकाली केलं. मूळ गोष्टीतले सिंग चाचे इथं सिंगा झाले. १९७६ मध्ये आबिद सुरतींचा बहादूर हा आपला देशी नायकही याच इंद्रजालात आला. १९९० मध्ये इंद्रजाल बंद पडलं.

जे खटकतं, त्याचं काय?

आजच्या नजरेने वाचताना काही गोष्टी टोचतात, आणि टोचायलाच पाहिजेत. जंगलातल्या काळ्या लोकांना वाचवायला गोराच माणूस का लागतो? मँड्रेकचा साथीदार लोथार हा खरं तर आफ्रिकेतला राजपुत्र. पण १९३४ च्या पट्ट्यांत तो बिबट्याचं कातडं गुंडाळून मोडकंतोडकं बोलतो. फॉक त्या काळाच्या पुढे होता, असं म्हणून हे झाकता येत नाही.

पण तो तिथंच थांबला नाही, हेही खरं. १९६४ च्या अखेरीस फिल डेव्हिस वारला आणि फ्रेड फ्रेडरिक्स नवा चित्रकार आला. तेव्हापासून लोथार नीट कपडे घालू लागला, नीट बोलू लागला, मँड्रेकचा बरोबरीचा मित्र झाला. आफ्रिकेतले देश एकामागून एक स्वतंत्र होत होते, तेव्हा वेताळच्या जंगलाशेजारीही लोकशाही आली. लमांडा लुआगा हा काळा डॉक्टर निवडणूक जिंकून राष्ट्राध्यक्ष झाला. डायनाला चाळीसेक वर्षं ताटकळत ठेवल्यावर १९७७ मध्ये वेताळने तिच्याशी लग्न केलं, १९७९ मध्ये जुळी झाली. एक मुलगा, एक मुलगी. बाविसावा वेताळ कोण, हा प्रश्न तिथून सुरू होतो.

तर मग, वाचायचं कसं?

फॉकचं आयुष्य वाचून मी माझ्यापुरता एक क्रम लावलाय. पटला तर घ्या.

पहिलं, सगळ्यात जुनं ते सगळ्यात आधी, हा हट्ट सोडा. १९३६ ची पहिली गोष्ट महत्त्वाची आहे, पण तिच्यात लेखकच अजून चाचपडतोय. ती तिसरी-चौथी वाचा, तेव्हा जिमी वेल्सची गंमत कळेल.

दुसरं, साय बॅरी या चित्रकाराच्या काळापासून सुरू करा. १९६१ ते १९९४. चित्रं स्वच्छ, गोष्ट वेगवान, लुआगा आणि लग्नही याच काळातलं. जुन्या इंद्रजालमध्ये हा वेताळ भरपूर सापडतो.

तिसरं, मँड्रेक १९६५ नंतरचा आधी वाचा, मग मागे जा. लोथार कुठून कुठे आला ते दिसेल.

आणि मार्व्हल-डीसीलाही हाच नियम लावा. एक लेखक, एक पूर्ण गोष्ट. मधला एखादा संदर्भ कळला नाही तर पुढे चला. लेखक चांगला असेल तर तो सांगेल. नाही सांगितलं तर चूक तुमची नाही, त्याची.

फॉकने ही जबाबदारी शेवटपर्यंत सोडली नाही. १९३६ पासून थेट १९९९ पर्यंत, म्हणजे ६३ वर्षं, वेताळ तोच लिहीत राहिला. शेवटच्या दिवसांत दवाखान्यात ऑक्सिजनचा मास्क बाजूला सारून तो गोष्ट सांगायचा. त्याची बायको एलिझाबेथ ही स्वतः रंगभूमीवरची दिग्दर्शक. त्याच्या शेवटच्या गोष्टींना तिचा हात लागला. १३ मार्च १९९९ ला न्यूयॉर्कमध्ये तो गेला. वर्तमानपत्रांत वेताळची पट्टी त्यानंतरही थांबली नाही, दुसरे लेखक पुढे आले. त्याच्या नायकाचाही नियम तोच होता.

मामाच्या डोळ्यांना आता इंद्रजालचा बारीक टाइप दिसत नाही. म्हणून रविवारी फोन लावते आणि एक अंक वाचून दाखवते. जहाजाची चौकट आली की तो मला थांबवतो आणि कवटीची शपथ स्वतःच पूर्ण करतो, एक शब्द न चुकता. २०८, २०९ आणि २१० मात्र अजून सापडलेले नाहीत. अमरावती-अकोल्यात कोणाच्या माळ्यावर असतील तर रद्दीवाल्याच्या आधी मला सांगा, राजेहो. बदल्यात द्यायला माझ्याकडे २३० च्या दोन प्रती आहेत.