शिक्षक बॅरिस्टर

वकिलीची सनद मिळाली कीं अशिलांची रीघ लागते, असें विष्णुपुरीकडील आमच्या कित्येक विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस वाटतें. त्यांनीं डॉ. भीमराव आंबेडकर यांच्या आयुष्यांतील पांचसात वर्षें अवश्य पाहावीं.

लंडनमधील अर्धवट राहिलेला अभ्यास पुरा करण्यास पैसे हवे होते, म्हणून १९१८ सालीं त्यांनीं मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजांत अर्थशास्त्र शिकविण्याची नोकरी धरली. १९२० त ते पुन्हां विलायतेस गेले. १९२३ त बॅरिस्टर होऊन परतले, तों सनदेपुरतेही पैसे जवळ नव्हते. नवल भथेना या पारशी मित्रानें ते दिले. पुढें तरी काय? अस्पृश्य गणलेल्या बॅरिस्टराकडे सॉलिसिटर लोक कामें पाठवीनात. आले ते बहुधा गरीब अशील.

तेव्हां १९२५ पासून ते बाटलीबॉय यांच्या हिशेबशिक्षणसंस्थेंत व्यापारी कायदा शिकवूं लागले. त्याच वर्षीं प्रांतिक जमाखर्चाच्या इतिहासावरील त्यांचा ग्रंथ निघाला. करांचा पैसा मध्यवर्ती सरकार व प्रांत यांत कसा वांटला गेला, हा त्याचा विषय. शेतसारा व मीठकर यांचा भार कोणावर पडला, हेंही त्यांत आहे. विषय रुक्ष वाटेल. पण मीठ गरिबाच्या भाकरींतही असतेंच.

१९२८ त ते सरकारी लॉ कॉलेजांत प्राध्यापक व १९३५ त तेथेंच प्राचार्य झाले. १९५० सालीं त्यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनें तेव्हांच्या औरंगाबादेस कॉलेज काढलें. मिलिंद महाविद्यालय म्हणतात तें हेंच.